कंट्रीचं काम

माझं लग्न मोडलं ते आमच्या तात्यानं, म्हणजे थोरल्या चुलत्यानं. फौजेतून रिटायर झाला, पण 'मला माहीत नाही' असं म्हणायला काय अजून शिकला नाही.

कॉलेज सोडल्यापासून मी घरी बसून एका अमेरिकन माणसासाठी व्हिडिओ बनवतो. विषय एकच, तिकडं इंग्रजांचं राज्य असतानाच्या एका काउंटीचा इतिहास. तासगावची मुलगी मला आवडली होती, तिलाही मी पसंत होतो. फक्त बोलणी व्हायची होती. तिचे वडील माळकरी. बोलणीला बसल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगं करतं काय?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या बोलला, "कंट्रीचं काम करतंय."

"कंट्री? म्हंजी दारू?"

इथं तरी गप बसावं ना! तर म्हणतो कसा, "आवं, देशी न्हाई. अमेरिकेची हाय."

मी ओरडलोच, "काउंटी! काउंटी म्हणजे जिल्हा. मी त्या जिल्ह्याचा इतिहास सांगतो."

तिचे वडील जरा निवळले. "असं व्हय? मग जिल्हा म्हणला की कोर्ट आलं. तिथलं पयलं कोर्ट कुठं भरायचं?"

विषय माझा, उत्तर तोंडपाठ. मी छाती काढून सांगितलं, "दारूच्या गुत्त्यात. तेव्हा तिथं दुसरी मोठी जागाच नव्हती."

तात्यानं मांडीवर थाप मारली. "बघा, मी काय सांगत हुतो?"

ती मुलगी आता वाईला नांदते.