कांता नांदेडलाच राहिली

माझं माहेर लोह्याच्या पलीकडं, खेड्यात. आम्ही लिंगायत वानी, महादेवाचे, बापाचं किरानाचं दुकान आन् थोडी जमीन. लग्न झालं तशी नांदेडला आले. आमचे मालक कचेरीपुढं अर्जनवीस, म्हंजे खेड्यातनं आलेल्या मान्साला साहेबाकडं अर्ज करायचा असला की ह्यांनी झाडाखाली बसून तो लिहून द्यायचा. पन तितं अर्जनवीसच इतके की सावली पुरायची न्हाई, एखाद्या दिवशी दोन अर्ज, एखाद्या दिवशी नुसतं बसून परत. तरी राहनं सस्तं व्हतं, काय सांगू तुम्हाला. चांदबी खालाच्या घरात एक खोली व्हती आमची, खाला एकटी, मालक वारलेले, लेकरू न्हाई, शिलाईवर पोट भरायची आन् किराया कधी तोंड उघडून मागायची न्हाई. नळाला पानी, नळ गेला तर गोदावरी हायेच. सांजच्याला बाजारात गेलं की उरलेली भाजी पदरात वतून द्यायचे. माझी कांता खालाच्याच मांडीवर वाढली, धाकटा बसू तर तिच्याच हातावर जन्मला म्हना.

मग लातूर जिल्हा झाला. मालक घरी आले ते चप्पल न काढताच बोलाया लागले, नवा जिल्हा, नवी कचेरी, तितं अजून झाडाखाली कोनी बसलेलं न्हाई, आधी जाईल त्याचा जम बसंल. मी म्हनले, हितं काय उपाशी हाव का आपन. ते म्हनले, उपाशी न्हाई, पन पोरांला पुढं काय देनार. खाला दारातच व्हती, ती म्हनली, जा बेटी, बच्चे पढेंगे वहाँ, नै जम्या तो ये घर है ना.

लातुरात ह्यांचा जम बसला, खोटं कशाला बोलू. हात दुखूस्तोवर अर्ज लिहायचे, बोटं शाईनं काळी. पन पैसा घरात यायच्या आधीच त्याची जायची वाट तयार. सगळी हाफिसं आली, नोकरदार आले, घरवाल्यांनी किराये चढवून ठेवले. नांदेडात ज्यात खोली, दूध, भाजी सगळं भागायचं, ते हितं नुसतं दोन पत्र्याच्या खोल्यांत जायचं. जळन इकत, दूध पातळ, शेजारी सगळे नवे, दार लावून घेनारे. मी म्हनायची, कमाई वाढली पन ताट हाय तेच हाय. मालक म्हनायचे, शाळा बघ की. शाळा चांगल्याच व्हत्या, कांता वर्गात पहिली आली.

आन् मग पाऊस गेला. आड आटले, हापशाला नुसती हवा, टँकर यायचा त्याच्यामागं सगळी गल्ली पळायची. ते पानी गढूळ, त्याला वास, फडक्यानं गाळायचं आन् डोळे झाकून प्यायचं. कांताचे डोळे पिवळे झाले. डाक्टर म्हनले, कावीळ हाय, उकळून गार केलेलं पानी पाजा, भरपूर पाजा. आता उकळायला जळन पायजे, आन् उकळायला आधी पानी पायजे की न्हाई. पत्रं तापलेली, पोरगी ओकून ओकून निपचित पडलेली, पानी पानी करून राह्यली आन् घरात अर्धी घागर. मी मालकांला म्हनले, मी हिला नांदेडला नेते. कोनाच्या घरी, ते म्हनले. खालाच्या. ते उठले, पोरीला खांद्यावर घेतलं आन् स्टँडवर आले. अहमदपूरवरनं एस्टी जाती, सगळा रस्ता पोरगी माझ्या मांडीवर, मी घडी घडी नाकाशी बोट धरून बघायची. खालानं दार उघडलं, पोरीला उचलून आत नेलं.

पोरगी वाचली. खालानं वाचवली. पन लातुरात बसू आन् मालक, किती दिवस बसनार मी तितं. डाक्टर म्हनले, हा उन्हाळा हिला त्या पान्यावर नेऊ नका. उन्हाळ्यापुरती ठेवली. मग पाऊस पुन्हा दगा देऊन गेला, तिचं नाव तिथल्या शाळेत घातलं. पाव्हने बोलले, वान्याची पोर मुसलमानाच्या घरात. मालक म्हनले, तुमच्या घरी पानी असंल तर तुम्ही ठेवा. खालानं तिच्यासाठी नवी भगुनी आनली, घरात मटन शिजवनं बंद केलं, सोमवारी आंघोळ घालून लिंगपूजेला बसवायची.

मी जमंल तवा जायची. पहिल्यांदा कांता स्टँडवर माझ्या पदराला धरून रडायची. मग रडायची न्हाई, खालाचा हात धरून उभी राहायची. एकदा मी तिची येनी घालत व्हते, तर म्हनली, अम्मी असं वढत न्हाई. खालाला ती अम्मी म्हनायला लागली व्हती.

पुढं पाऊस पडला तसं मालक तिला आनाया गेले. खालानं सोता तिचे कपडे बांधून दिले. पोरगी आली, पन कोपऱ्यात बसून राहायची, जेवायची न्हाई, बोलायची न्हाई, बसूसंग बी खेळंना. बारीक ताप चढला. मालकच म्हनले, राहू दे, हिचं घर तिकडं झालं आता. सोडून आले आन् भिताडाकडं तोंड करून बसले, त्यादिशी अर्ज लिहाया गेले न्हाईत.

आता मालक न्हाईत. बसूचं दुकान हाय, सोताचं घर हाय लातुरात, बोअर हाय पन उन्हाळ्यात कोरडा. कांता नांदेडला बाई हाय शाळेत, लग्न तिकडंच केलं. खाला गेली तवा ती कशी रडली, मला धरवंना. मी बी रडले, माझ्या लेकराचा जीव त्या बाईनं राखला. पन मनात आलंच, माझ्या टायमाला ही अशी रडंल का.

लोक इचारतात, दोन्ही जिल्ह्यांत राह्यलाव, कुठलं बरं. काय सांगू. मालकांचं बी चुकलं न्हाई, माझं बी न्हाई. पंचमीला आली व्हती कांता, दोन दिवस राह्यली, माझ्यासाठी लुगडं आनलं. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली, म्हनली, आई, निघते, घरी वाट बघून राह्यले.

जा बाई, म्हनले. महादेव तिला सुखात ठेवो. तिचा फोन येतो, मी इचारते जेवलीस का, ती म्हनती हाव, तू. मी म्हनते हाव. त्याच्यापुढं काय बोलावं ते दोघींला बी सुचत न्हाई.