माशावरचा आर्मेनियन सिरका

मी सिरका समजूनच ओतला, पण आजवर कुणी विश्वास ठेवत नाही. आम्ही अबुधाबीला नवीन होतो. थोरले दीर हाजीसाहेब जेवायला आले. तळलेल्या सुरमईबरोबर मी सिरक्यातला कांदा वाढला. त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला आणि कौतुकाने बाटली मागवली. हुंगताच ओरडले, "अमिना, ही दारू! पुढच्या बोटीने रत्नागिरीला चालती हो!"

"अक्षरं ना अरबी, ना इंग्रजी, मला काय कळणार? सिरक्याच्या मागे लपवली कुणी?"

नवरा पुटपुटला, "कंपनीतल्या आर्मेनियन गारोने भेट दिली. पांढरी वाइन, अजिबात गोड नाही, म्हणाला माशाबरोबर झकास लागते."

मी विचारलं, "पण भाईजान, तुम्हाला वास कसा ओळखू आला?"

हाजीसाहेबांनी घाईघाईने दाढी पुसली. "खलास! बोटबीट काही नको. घरातल्या कुणाची चूक नाही. गुन्हेगार एकच, तो गारो."