ईशाला कामाला लावलं कोणी?

"पोरीला कामाला लावलं म्हणून उद्या येणार आहेत, आणि मग ह्यांना..."

एवढंच ऐकू आलं हो मला. शेजारच्या भास्करची बायको फोनवर बहिणीशी बोलत होती, आणि नेमकं तेव्हाच आमच्या ह्यांनी अंगणातून झावळ्या ओढायला घेतल्या, खरखर खरखर, पुढचं सगळं त्यात गेलं. 'ह्यांना' म्हणजे भास्करला काय करणार, कोण येणार, काही कळेना. आता मला काय करायचंय म्हणा. पण दगडी गडग्यापलीकडचं घर, वीस वर्षांचा शेजार, अर्धं ऐकून जेवण तरी जातं का माणसाला?

तर तुम्हाला सांगते, भानगड अशी. भास्करची आंब्याची बाग पावस गावाकडे. आंबा उतरून घरी आला की अख्खं घर पडवीत बसतं, कोणी आंबा निवडतंय, कोणी पेटीत पेंढा घालतंय. त्याची ईशा बारा वर्षांची. तिला सुट्टीत सकाळी खो-खोच्या शिबिराला जायचंय, शाळेचा संघ तिथूनच निवडणार, आणि भास्कर म्हणतो, "आंबा थांबतो का गो तुझ्या खो-खोसाठी? आम्ही नाही भरल्या पेट्या लहानपणी?" तर ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "बाबा, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं गुन्हा आहे. आमच्या सरांना विचारा." भास्कर म्हणाला, "तूच विचार जा. येताना पेंढा आण." मी काही कान लावून नव्हते हां, गडग्याशी लाकडं रचत होते. पाऊण तास.

आणि आता हा फोन... म्हणजे पोरीनं तक्रार केली की काय? साहेब येणार, ईशा पेटीजवळ दिसणार, भास्करला घेऊन जाणार, ऐन हंगामात, आणि आंबा पडवीत कुजणार. मला काय करायचंय, पण पोर तिथं दिसलीच नाही तर गुन्हा कुठला, सांगा बघू?

सकाळीच गेले आणि भास्करच्या बायकोला म्हटलं, "ईशाला जरा माझ्याकडे पाठव, सोबतीला." आली, तोंड फुगवून बसली. शिबिर राहिलं, पेटी राहिली, पोर नुसती भिंतीकडे बघतेय. बघवेना हो. घरात दोन बरके, रसाळ फणस, फणसपोळ्या वाळत घालायच्या होत्या, ह्यांचा काडीचा उपयोग नाही. म्हटलं, "बाय, हाताला तेल लाव आणि बस गरे काढत. तेवढाच जिवाला विरंगुळा." नऊला बसवली, साडेअकरा झाले, पोरीच्या कोपरापर्यंत चीक.

आणि आले की हो. पण गाडी नाही, शिपाई नाही, स्कूटरवरून एकटे संदेश सर, शाळेतले, खो-खोचे. भास्करनं त्यांना पडवीत बसवलं. मला काय करायचंय, पण पाहुण्याला कोकम सरबत नको? गेले गडगा ओलांडून.

सर म्हणत होते, "भास्करराव, ईशानं विचारलं म्हणून आलो, घाबरू नका. घरच्या धंद्यात मुलानं सुट्टीत, शाळा सांभाळून मदत केली तर कायदा आडवा येत नाही. काम धोक्याचं नको, एवढंच. पण मुलगी चपळ आहे हो. सकाळचे दोन तास मला द्या."

भास्कर पेंढा चाळवत राहिला. मग म्हणाला, "दोनच तास ना? जाऊ दे. दुपारी बसेल पेटीला."

माझा जीव भांड्यात पडला. गप्प बसावं की नाही? पण नाही. "मग सर, गुन्हा होतो तरी कधी हो?"

"दुसऱ्याच्या घरी राबवलं की होतो," सर म्हणाले.

आणि माझ्या अंगणातून ईशाची हाक, "सावित्रीकाकू, पहिला संपला, दुसरा फणस पण मीच काढू का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. भास्करनं बघितलं. त्याच्या बायकोनं तर पदरच तोंडाला लावला. सर अगदी हळू म्हणाले, "काकू, ही तुमची कोण?"

म्हटलं, "सर, आधी सरबत घ्या." पुढं पाच मिनिटं सरांनी मला मुलांचे हक्क समजावले, पडवीत, सगळ्यांसमोर, मी मान डोलावतेय.

दोन दिवस झाले, ईशा सकाळी मैदानावर पळते, दुपारी पेंढ्यात असते, खुशीत आहे. भास्करला कोणी चकार शब्द बोललं नाही. म्हणजे कोणीतरी येणार होतं ते आलं, कामाला लावलं म्हणून बोलून गेलं तेही खरं, फक्त माणूस बदलला.

दुसरा फणस तसाच पडलाय. ह्यांना म्हटलं, जरा हात लावा. तर म्हणतात, "आधी सरांना विचार, नवऱ्याला कामाला लावायला परवानगी आहे का."

काढतेय आपली एकटीच.