आधी कुणाच्या तरी नावावर करा

दातांच्या दवाखान्यात कुलूपवाला गाल धरून बसला होता. शेजारी एक मुलगी वडिलांना सांगत होती.

"आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम वारल्या ना, आज त्यांचं डेटाबेसवरचं खातं काढायचं होतं. डेटाबेस क्लाउडवर, कुठल्या कुठे. ऑफिसातून एपीआयने, म्हणजे प्रोग्राममधूनच, हुकूम पाठवला, तर नाही म्हणाला."

"नाही म्हणाला?"

"हो ना. म्हणे, यांच्या मालकीचं इथे बरंच काही आहे, आधी ते कुणाच्या तरी नावावर करा, मगच यांना काढतो."

"यंत्र असं बोललं?"

"शब्द वेगळे होते, बाबा. अर्थ हाच."

"मग गं?"

"सगळं माझ्या नावावर घेतलं. मग लगेच गेल्या."

कुलूपवाल्याचा हात गालावरून कधी खाली आला, त्यालाही कळलं नाही.

"तुझी आई गेल्यापासून तिच्या कुंड्या गच्चीत तशाच पडल्यात," वडील हळूच म्हणाले. "त्या माझ्या नावावर कर."