नळीतली कुंभारीण

चहा घ्या, सांगतो. इंग्रज साहेब गेले आणि मला जुन्या बंदुका जमवायचं वेड लागलं. आरमोरीकडच्या एका म्हाताऱ्या पाटलांची दुनळी विकाऊ होती. पोलादावर तळ्यातल्या पाण्यासारखी लहर! उजेडाकडे धरून आत पाहिलं. एका नळीत चंद्रासारखा गोल उजेड, दुसरीत अंधार. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलं होतं. साफ करायला गज घालणार, तोच पाटलांनी हात धरला.

“घर मोडू नका शेठ! कुंभारीण आली म्हंजे घरात पाळणा हालते. सुनेच्या लग्नाले आठ वर्सं झाली, लेकरू नाई.”

मी गज ठेवला. वर्षभरानं पुन्हा गेलो.

“पाटील, आता देता बंदूक?”

“मले काऊन विचारता? मालकिणीले विचारा.”

मी पाळण्यात डोकावलो. मालकीण झोपेत हसत होती.