हाडं दिसतील असा माणूस

हॅलो?… कोण, सुमंगला? बोल गो… नाही, झोपलो नव्हतो. बाहेर सोप्यावर बसलोय… हो, उघडाच. कमरेला पंचा आहे… तुला कोणी सांगितलं? सुविधाने? फोटोसुद्धा पाठवला? समोरच राहते, तेवढा शेजारधर्म ती पाळणारच…

अगो, भावाचं ऐक तरी. आपली समीक्षा माझं चित्र काढतेय. उद्या कॉलेजात द्यायचंय… जिवंत माणूस समोर बसवून काढायचा, असा त्यांचा अभ्यासच असतो…

समीक्षा, हात खाली घेऊ?… नको म्हणते. तुझा फोन आला, मी कानाला लावला, तर ही म्हणाली, आजोबा, अस्सेच राहा. आता हीच पोझ.

…लाज कसली? रोज याच पंच्यावर कुळागरात माडा-पोफळींना पाणी लावतो, तेव्हा गाव ढुंकून बघत नाही. आज तेच अंग कागदावर उतरतंय, तर पोदेर सायकल थांबवून विचारून गेला, डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलंय काय म्हणून. पाव द्यायचा विसरला तो…

आणि तू मला सांगतेस? तुमची गणपतीची चित्रशाळा. चवथीच्या आधी तुझ्या घरात उघड्या अंगाचे शंभर जण बसलेले असतात, तेव्हा सुविधा फोटो पाठवत नाही… देव आहेत, मान्य.

पण घोळ तिथेच झालाय. लहानपणापासून पोर भावोजींच्या हाताखाली माती थापत वाढली. आता माणूस काढायला बसली की त्याचा गणपती होतो. गोल पोट, गुबगुबीत दंड, हाड कुठेच नाही. सरांनी सगळी चित्रं परत केली. उद्या माणसासारखा माणूस आणला नाहीस तर नापास, म्हणाले… भावोजींना सांगू नकोस, त्यांना कौतुक वाटेल.

म्हणून हाडं दिसतील असा कोणीतरी हवा होता. घरात दुसरा उमेदवार नव्हता…

यशवंतला फोन? नको गो. तो तुयेला कारखान्यात आहे. आधीच म्हणतोय, पोरगी नापास झाली की कॉलेज बंद. तू सांगितलंस तर धावत येऊन बापाला सदरा घालेल, आणि पोरीचं शिक्षण तिथेच संपेल…

हॅलो? सुमंगला?… आहेस ना? काय करतेस?… फोटो मोठा करून बघतेस?… हो, बरगड्याच त्या… सगळ्या दिसतात. समीक्षा खूश आहे… जेवतो गो. सून वाढते व्यवस्थित. तुझी वहिनी गेल्यापासून रात्री पेज पुरते मला, एवढंच… आधी रागावलीस ते बरं होतं. रडू नको…

आत्ता येतेस? डिचोलीहून? काय घेऊन?… खतखतं… थांब. समीक्षा, खतखतं खाल्लं तर चालेल?… नको म्हणते. अजून पोट काढायचं राहिलंय. जेवलो तर पुन्हा गणपती व्हायचा.

उद्या ये. चित्र एकदा सरांच्या हातात पडलं की वाढ हवं तेवढं… यशवंतला सांगणारच? काय सांगणार?… बाबा वाळलेत म्हणून. बरं, तेही उद्याच सांग.

…मी कसा ठेवू? हात हलवायचा नाहीये. तू ठेव.