अर्ज माझ्या अक्षरातला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मोठे साहेब, ताईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहीणबाई, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले लिफ्ट-दुरुस्तीतले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मी नववी नापास. तरी मला बोलायला उभं केलं, कारण विभागातले सगळे अर्ज मीच लिहितो. हे भाषणही चार वेळा उतरवून काढलंय. ताई, चष्मा लावू नका; कागद तपासायला मिळणार नाही.

आज निवृत्त होणाऱ्या ताईंची इथे एकतीस वर्षं झाली. त्यातली सत्तावीस वर्षं आपण त्यांना दादा म्हणत होतो. मग चोपन्नाव्या वर्षी, एका सोमवारी कामाची वाटणी झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी बाई आहे. लहानपणापासून. उद्यापासून ताई म्हणा. आणि तीन नंबरच्या लिफ्टचं दार अजून घासतंय, ते बघा." एवढ्या मोठ्या बातमीला लागूनच काम सांगणारं माणूस दुसरं कोणी पाहिलंय का?

दार आम्ही लगेच बघितलं. 'ताई' मात्र जिभेवर येईना. उलट सातजणांनी मिळून अर्ज केला, की यांना बायकांच्या खोलीत कपडे बदलू देऊ नयेत, महिला कर्मचाऱ्यांची गैरसोय होते. महिला कर्मचारी होत्या दोन, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. कानावर गेल्यावर दोघी खाली आल्या. ताईंच्या हातात खोलीची जादा किल्ली ठेवली आणि आम्हाला विचारलं, आमची गैरसोय तुम्हाला कधीपासून दिसायला लागली? खोलीतला पंखा दोन वर्षं बंद आहे, त्याचा अर्ज करा की.

पंखा दुसऱ्याच दिवशी फिरायला लागला.

आपल्या कामात जोडीदार लागतो. एकजण लिफ्टच्या छतावर उभा राहून दोर तपासतो, दुसरा वर मशीनखोलीत ब्रेक सांभाळतो. त्या अर्जानंतर ताईंबरोबर जायला कोणी तयार होईना. तेव्हा ताईंनीच कामवाटपाच्या वहीत स्वतःपुढे माझं नाव घातलं. मी छतावर, खाली नऊ मजले, ब्रेक ताईंच्या हातात. अर्जातलं अक्षर त्यांनी ओळखलं असणार, एवढंच डोक्यात. वरून आवाज आला, "काय अर्जवाले, पट्टा नीट बांधलाय ना? सावकाश सोडते."

माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "सोडा, ताई."

पुढे चार वर्षं आमची जोडी टिकली. अर्जाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तो मीच काढायला हवा होता, आणि रोज उद्यावर ढकलत आलो. उद्या त्या कामावर नसतील.

मला बोलू दिलंत, याबद्दल मंडळींचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. अर्जाची क्षमा मात्र मी एकट्या ताईंकडे मागतो. ताई, मी चुकलो. लोकांसमोर विचारलं म्हणून भिडेपोटी हो म्हणू नका. सवडीने ठरवा. नाही म्हणालात तरी चालेल.